डाव्या कानाची तोलाची नस कापून घेतली, त्याला दीड वर्ष होत आलं

चापोराकाठ – ३ जून, रात्री ९:२०

मंडळी, मागच्या महिन्यात कानाच्या दड्यावरच्या धाग्यात मी ओझरतं लिहिलं होतं की माझी तोलाची नस, म्हणजे कानाकडून मेंदूला तोलाचे संदेश नेणारी नस, कापलेली आहे. त्यावर इतके व्यक्तिगत निरोप आले की प्रत्येकाला वेगळं लिहिण्यापेक्षा सगळं इथेच लिहिते. लांबेल, पण अर्धवट सांगितलं तर कुणीतरी चुकीचा अर्थ काढेल.

मी पेडणे तालुक्यातली, आगरवाड्याची. वय ४७, मराठी प्राथमिक शाळेत शिकवते. वाड्यावरच्या बायकांच्या भजनी मंडळात पेटी वाजवते. पेटीचं आत्ताच सांगून ठेवते, कारण पुढचा सगळा निर्णय तिच्यावरच अडला होता.

पहिला झटका २०१७च्या चवथीला. माटोळी, म्हणजे गणपतीच्या वर टांगायची फळांची चौकट, बांधायला मी ह्यांना खालून फळं देत होते, मान वर केली आणि घर फिरायला लागलं. डोकं हलकं होणं, डोळ्यांपुढे अंधारी येणं यातलं काही नव्हतं. भिंती, माटोळी, मखर, सगळं एका दिशेने सरकत होतं आणि डोळे मिटले तरी थांबत नव्हतं. चार तास जमिनीला धरून पडले होते, उलट्या वेगळ्याच. आदल्या दोन दिवसांपासून डाव्या कानात दडा बसला होता आणि समुद्राच्या गाजेसारखा आवाज येत होता. ते मला कुणी विचारलं नाही आणि सांगण्यासारखं आहे हे मलाही सुचलं नाही. मान वर केली तेव्हा झालं, म्हणून आजार मानेचा ठरला. पुढचं दीड वर्ष गळ्यात पट्टा. सासूबाईंना वाटलं घुंवळ (भोवळ) म्हणजे बाहेरचं काहीतरी, त्यांनी देवचाराला, म्हणजे गावच्या राखणदाराला, रोटाचा नैवेद्य दिला. त्यांचा जीव तुटत होता, म्हणून मी त्याला कधी नाही म्हटलं नाही.

२०१९ साली म्हापशात एका कानाच्या डॉक्टरांकडे गेले. त्यांनी पहिलाच प्रश्न विचारला, "चक्कर आली की किती वेळ टिकते?" दुसरा, "त्या वेळी कानात काय होतं?" दीड वर्षात हे दोन प्रश्न कुणी विचारले नव्हते. ऐकण्याची तपासणी केली तर डाव्या कानाला खालच्या पट्टीतले आवाज कमी ऐकू येत होते. निदान झालं मेनियरचा आजार. पॅरिसच्या प्रॉस्पेर मेनियर या डॉक्टरांनी १८६१ मध्ये पहिल्यांदा सांगितलं की अशी भोवळ कानाच्या आतून उठू शकते. ते मूकबधिर मुलांच्या संस्थेचे वैद्य होते. त्याआधी लोकांना वाटे की मेंदूत रक्त चढलंय, आणि अशा रोग्यांचं रक्त काढत. माझ्या गळ्यातला पट्टा त्या मानाने सौम्यच म्हणायचा.

कानाच्या आत पातळ पडद्याच्या नळ्या आणि पिशव्या असतात, त्यांत एक द्रव असतो. या आजारात तो साचून पिशव्या फुगतात. १९३८ मध्ये लंडन आणि जपान, दोन्हीकडच्या डॉक्टरांनी मृत रुग्णांच्या कानांत ही फूग सूक्ष्मदर्शकाखाली पाहिली. ती नेमकी कशाने होते, हे मात्र आजही पक्कं सांगता येत नाही.

उपचाराची पहिली पायरी मीठ कमी. आमचा गाव मिठागरांचा, सासरच्या आगरात उन्हाळाभर मिठाच्या राशी पडतात, आणि मला दिवसाला सगळं मिळून पाऊण चमचा. पुरुमेताचं, म्हणजे पावसाळ्यासाठी साठवलेलं, सगळं बंद: सुकी सुंगटं, खारा बांगडा, मिठातल्या तोरा, पापड. त्याबरोबर लघवी वाढवणारी गोळी आणि बीटाहिस्टीन ही भोवळीची गोळी. दोन वर्षं बरी गेली. मग झटके परत सुरू झाले, महिन्याला चार-पाच. एकदा शिवोलीच्या पुलावर स्कूटरवर असताना आला. कठड्याला टेकवून स्कूटर उभी केली आणि रस्त्यावरच बसले. एका पिलटाने (भाड्याची मोटारसायकल चालवणाऱ्याने) थांबून मला घरी आणून सोडलं.

कानाच्या पडद्यातून स्टेरॉइडची इंजेक्शनं घेतली, तीन वेळा. थोडा उतार, परत चढ. नंतर जेंटामायसिनचं एक इंजेक्शन, ते त्या कानाचा तोलाचा भागच निकामी करतं. त्याने सात महिने एकही झटका आला नाही, पण ऐकणं आणखी थोडं घसरलं. सात महिन्यांनी झटके परत आले तेव्हा डॉक्टर म्हणाले, दुसरा डोस देऊ, पण उरलेल्या ऐकण्याची हमी नाही.

त्याच सुमारास शाळेत पडले. भोवळ नाही, काही नाही. फळ्यासमोर उभी होते आणि कुणीतरी मागून धक्का दिल्यासारखी सरळ खाली. शुद्ध पूर्ण होती, मुलांच्या किंकाळ्या ऐकू येत होत्या. कपाळाला पाच टाके पडले. कानातल्या गुरुत्व ओळखणाऱ्या भागाने अचानक चुकीचा इशारा दिला की पाय असे सुटतात. यालाही नाव आहे, ट्युमार्किनचा झटका. पूर्वसूचना शून्य. त्या दिवसापासून मी स्कूटर सोडली, विहिरीवर जाणं सोडलं, वर्गात बसून शिकवायला लागले. आपण कुठे पडू हे माहीत नसलेल्या माणसाचं जगणं कसं असतं ते ज्याचं त्यालाच कळतं.

मुंबईत दुसरं मत घेतलं. तिथल्या सर्जननी दोन रस्ते मांडले. एकात कानातला तोलाचा अवयवच काढून टाकायचा. ते ऑपरेशन सोपं, पण त्या कानाचं ऐकणं कायमचं जातं. दुसऱ्यात कवटीला खिडकी पाडून, कानाकडून मेंदूकडे जाणाऱ्या आठव्या नसेतला तोलाचा भाग तेवढा कापायचा आणि ऐकण्याचा राखायचा. डाव्या कानात मला अजून बोलणं कळण्याइतकं ऐकू येत होतं. पेटीची एकच पट्टी दोन कानांना दोन सुरांची लागते, डाव्यात किंचित उतरलेली, पण लागते. मी दुसरा रस्ता घेतला.

जानेवारी २०२४ मध्ये शस्त्रक्रिया झाली. कान-नाक-घशाचे सर्जन आणि मेंदूचे सर्जन, दोघं मिळून. कानामागे चिरा, हाडात छोटी खिडकी. सहा दिवस इस्पितळात होते. त्यानंतर आजपर्यंत फिरण्याचा एकही झटका नाही, एकदाही पडले नाही.

विचारा, माहीत आहे तेवढं सांगेन. मी डॉक्टर नाही.


साखळीकर – ३ जून, रात्री १०:०५

ताई, एवढं सविस्तर लिहिलंत, आभार. पण स्पष्ट विचारतो. चक्कर हा काही जिवावरचा आजार नाही. त्यासाठी कवटी उघडायची? माझ्या आत्याला वीस वर्षं चक्कर येते, गोळी घेते, चाललंय.


चापोराकाठ – ३ जून, रात्री १०:४०

साखळीकर, हाच प्रश्न माझ्या भावाने विचारला होता, आणि रागाने विचारला होता. जिवावरचा नाही हे खरं. पण मी विहिरीच्या काठावर पडले असते तर? शिवोलीच्या पुलावर तो पडण्याचा झटका आला असता तर? आणि जीव वाचला एवढ्याने भागत नाही हो. माझ्या मुलीच्या बारावीच्या वर्षात मी महिन्यातले आठ दिवस अंधाऱ्या खोलीत बादली घेऊन पडलेली असायचे. तुमच्या आत्याची चक्कर कसली आहे ते माहीत नाही, गोळीवर चालत असेल तर चांगलंच आहे. गोळीवर, पथ्यावर, इंजेक्शनवर ज्याचं भागतं त्याने या वाटेला जाऊच नये, असं मला सर्जनांनीच सांगितलं.


रायबंदरची_लेक – ४ जून, सकाळी ७:५०

माझ्या आईला (६८) अंथरुणात कुशीवर वळलं की घर फिरतं. अर्ध्या मिनिटात थांबतं. पुन्हा वळली की पुन्हा. तिलाही हेच असेल का? रात्रभर झोप नाही मला हे वाचून.


श्रवणवेल – ४ जून, सकाळी ९:१५

मी ऑडिओलॉजिस्ट, म्हणजे ऐकण्याच्या आणि तोलाच्या तपासण्या करणारी, फोंड्यात काम करते. रायबंदरच्या ताई, आईंना न तपासता निदान सांगणार नाही, पण तुम्ही जे वर्णन करताय त्याचा आणि मेनियरचा ताळा बसत नाही. कुशीवर वळताना सेकंदांपुरती येणारी भोवळ बहुतेक वेळा कानातल्या कॅल्शियमच्या बारीक कणांची असते. ते आपली जागा सोडून अर्धवर्तुळाकार नळीत जातात. त्याला शस्त्रक्रिया तर सोडाच, बहुतेकदा गोळीही लागत नाही. डोकं ठरावीक क्रमाने वळवून कण परत जागी आणतात, त्याला एप्ली पद्धत म्हणतात, दहा मिनिटांचं काम. कानाच्या डॉक्टरांकडे न्या, घरी व्हिडिओ बघून पहिल्यांदाच करू नका. कण कोणत्या कानातले आणि कोणत्या नळीतले ते आधी कळावं लागतं.

चापोराकाठ यांच्या डॉक्टरांचा पहिला प्रश्न किती नेमका होता ते यावरून दिसेल. सेकंद टिकली तर कण. वीस मिनिटं ते बारा तास टिकून सोबत कानात दडा, आवाज, ऐकण्यात चढउतार असेल तर मेनियर. एकदाच येऊन दिवसेंदिवस टिकली तर बऱ्याचदा नसेची सूज. आणि अर्धशिशीची भोवळ यांतल्या कुठल्याही वेळाची असू शकते, तिथे भलेभले चकतात. भोवळ येताना बोलणं अडखळणं, एकाचं दोन दिसणं, हातापायातली ताकद जाणं असं काही झालं तर मात्र वेळ मोजत बसू नका, थेट कॅज्युअल्टी गाठा.


रायबंदरची_लेक – ४ जून, सकाळी ९:४०

देव भलं करो तुमचं. आजच घेऊन जाते.


आकाशकंदील – ४ जून, दुपारी १:१०

याच आजाराचा एक रोगी चंद्रावर जाऊन आलाय! ॲलन शेपर्ड. १९६१ मध्ये अंतराळात गेलेले पहिले अमेरिकन. पुढे मेनियरमुळे त्यांचं उड्डाण बंद झालं, मग कानाची शस्त्रक्रिया झाली आणि १९७१ मध्ये अपोलो १४ चे कमांडर म्हणून चंद्रावर उतरले. म्हणजे नस कापूनही माणूस चंद्रावर जातो.


श्रवणवेल – ४ जून, दुपारी २:००

आकाशकंदील, उदाहरण छान आहे पण एक दुरुस्ती. शेपर्ड यांची नस कापलेली नव्हती. १९६८ मध्ये लॉस एंजेलिसच्या विल्यम हाऊस यांनी त्यांच्या कानातल्या द्रवाच्या पिशवीतून निचरा करणारी बारीक नळी बसवली होती. ते वेगळं ऑपरेशन. त्याच्या गुणाबद्दल तज्ज्ञांत वाद आहे. १९८१ मध्ये डेन्मार्कमध्ये काही रुग्णांची खरी शस्त्रक्रिया केली आणि काहींचं फक्त कानामागचं हाड कोरलं, तर दोन्ही गटांना जवळजवळ सारखाच आराम पडला. हा आजार स्वतःहूनही चढतो-उतरतो, त्यामुळे कशाने गुण आला हे ठरवणं फार कठीण. बीटाहिस्टीनचंही तसंच. जर्मनीतल्या मोठ्या चाचणीत, तिचे निष्कर्ष २०१६ मध्ये आले, ती गोळी आणि खोटी गोळी यांत फरक दिसला नाही. म्हणून कुणी आपली गोळी मनाने बंद करू नका, डॉक्टरांशी बोला.

नस कापण्याचं तसं नाही. संदेशच पोहोचत नाही म्हटल्यावर भोवळीचे झटके नव्वद ते पंच्याण्णव टक्के रुग्णांत थांबतात. तरीही हल्ली हे ऑपरेशन कमी होतं, कारण इंजेक्शनांवर बऱ्याच जणांचं भागतं. २०१६ मध्येच लंडनच्या डॉक्टरांनी जेंटामायसिन आणि स्टेरॉइडची तुलना केली, तर दोन्हींनी झटके जवळपास सारखेच कमी झाले. स्टेरॉइडने ऐकणं मारलं जात नाही, म्हणून मी माझ्याकडच्या लोकांना आधी तेच विचारून घ्या म्हणते.


काणकोणचा_वाटाड्या – ४ जून, रात्री ८:३०

मी जेंटामायसिनवाला. उजवा कान, दोन डोस, २०२१. झटके गेले ते गेलेच. ऐकणं माझं आधीच फार कमी होतं त्यामुळे गमावण्यासारखं काही नव्हतं. चापोराकाठ ताई, दुसरा डोस न घेता तुम्ही थेट कवटीपर्यंत गेलात याचं मला आधी आश्चर्य वाटलं, पण पेटीचं वाचून समजलं. मला प्रश्न पडलाय तो वेगळा. ऐकण्याची आणि तोलाची नस एकत्रच असते ना? एक कापून दुसरी राखतात कशी?


चापोराकाठ – ४ जून, रात्री ९:५५

हे मी सर्जनना कागदावर काढून दाखवायला लावलं होतं, तो कागद अजून माझ्या रोजनिशीत आहे.

आठवी नस कानातून निघते तेव्हा तिचे पदर वेगळे असतात, मेंदूजवळ येताना ते एकमेकांना चिकटून एक जाड दोरी होते. कानामागून, लहान मेंदू हलकेच बाजूला करून आत गेलं की ती दोरी समोर दिसते. तिचा वरचा अर्धा भाग तोलाचा, खालचा ऐकण्याचा. दोघांमध्ये बारीक रेघ असते. कुणाच्यात ती स्पष्ट दिसते, कुणाच्यात मुळीच दिसत नाही, मग अंदाजाने वरचा अर्धा कापतात. तिच्या पुढ्यातच चेहऱ्याची नस. तिच्यावर नजर ठेवायला चेहऱ्याच्या स्नायूंत सुया लावतात आणि यंत्र सतत ऐकवत असतं. ऐकण्याच्या नसेची तपासणीही शस्त्रक्रिया चालू असतानाच होत राहते.

बाल्टिमोरचे वॉल्टर डँडी १९२०च्या दशकात ही नस कापायला लागले तेव्हा आधी अख्खीच कापत, भोवळ जायची आणि कानही जायचा. पुढे ते फक्त तोलाचा भाग कापायला लागले. मेंदूच्या शस्त्रक्रियेत तेव्हा सूक्ष्मदर्शक वापरत नव्हते. १९४६ मध्ये ते गेले तोवर त्यांनी अशा सहाशेहून जास्त शस्त्रक्रिया केल्या होत्या. हे ऐकून मला धीर आला होता. माझ्यावर कुणी नवा प्रयोग करत नव्हतं.

पण धोके सांगितल्याशिवाय पुढे जाणार नाही. सगळं नीट होऊनही ऐकणं जाऊ शकतं. चेहऱ्याची बाजू लुळी पडू शकते. मेंदूभोवतीचं पाणी जखमेतून किंवा नाकातून गळू शकतं, त्यातून मेंदूच्या आवरणाला सूज येऊ शकते. मला घरी सोडताना सांगितलं होतं, नाकातून नितळ पाणी आलं आणि ते खारट लागलं तर रात्री दोन वाजता असलं तरी फोन करा. शिंकरायचं नाही, वाकायचं नाही, जोर करायचा नाही. दीड महिना मी सर्दीला घाबरून होते. आणि डोकेदुखी. कानामागच्या या वाटेने गेलेल्या काहींना ती महिनोन्महिने राहते. माझी चार महिने राहिली.


साखळीकर – ५ जून, सकाळी ६:४५

मूळ आजार मग गेला की नाही?


चापोराकाठ – ५ जून, सकाळी ७:१०

नाही. कानातली फूग तशीच आहे. गाज अजून ऐकू येते, दडा बसतो, ऐकणं आजही वरखाली होतं आणि पुढे हळूहळू कमी होईल असं सांगून ठेवलंय. मिठाचं पथ्य चालू आहे. फक्त कान जे खोटं सांगतो ते मेंदूपर्यंत जात नाही.

शाळेत जाते, संध्याकाळी लिहिते. शस्त्रक्रियेनंतरचे दिवस कुणीच विचारले नाहीत, आणि लिहायचं तर तेच आहे.


चापोराकाठ – ५ जून, रात्री ८:५०

शुद्धीवर आले तेव्हा आयुष्यातली सगळ्यात मोठी भोवळ चालू होती. मला आधी सांगितलं होतं, तरी रडले. वाटलं, ज्यासाठी आले तेच कायमचं गळ्यात पडलं. ह्यांनी नंतर सांगितलं की माझे डोळे सारखे उजवीकडे झटके मारत होते. उशीवरचं डोकं हलवता येत नव्हतं, पाण्याचा घोटही ठरत नव्हता.

असं का होतं ते श्रवणवेल माझ्यापेक्षा चांगलं सांगतील, पण मला कळलं ते असं. आपण नुसते बसलेले असतो तेव्हाही दोन्ही कानांच्या तोलाच्या नसा मेंदूला सारखे ठोके पाठवत असतात, सेकंदाला शंभराच्या आसपास. दोन्हीकडचे सारखे असले की मेंदू समजतो, आपण स्थिर आहोत. उजवीकडे वळलं की उजवे वाढतात, डावे घटतात. माझे डावे एकदम शून्य झाले. मेंदूला वाटलं, ही बाई भिंगरीसारखी उजवीकडे फिरतेय.

मग तोच मेंदू दोन-तीन दिवसांत हिशोब बदलायला लागतो. दुसऱ्या दिवशी मला बसवलं, तिसऱ्या दिवशी दोघांनी धरून कॉरिडॉरमध्ये चार पावलं. पाचव्या दिवशी भिंतीला हात लावून स्वच्छतागृहापर्यंत. डोळ्यांचे झटके हळूहळू कमी झाले.

मला हे समजल्यावर सगळ्याच गोष्टींचा उलगडा झाला. सात वर्षं माझा डावा कान आज बरोबर, उद्या चूक, परवा अर्धा असं सांगत होता. असल्या बदलत्या चुकीशी मेंदूला जुळवून घेता येत नाही, कारण जुळवून घेईपर्यंत ती पुन्हा बदलते. जे कायमचं बंद झालं त्याच्याशी मात्र त्याला जुळवून घेता येतं. नस कापणं म्हणजे तब्येत बरी करणं नव्हे, मेंदूला एक पक्की वस्तुस्थिती देणं. पुढचं काम त्याचं, आणि त्याच्याकडून ते करून घेणं माझं.

ते व्यायामाने होतं. पडून राहिलं तर मेंदू काही शिकत नाही. भोवळीच्या गोळ्या चालू ठेवल्या तर तो गुंगीत राहतो आणि उशीर होतो, म्हणून त्या लवकर बंद केल्या. अंगठा समोर धरून त्यावर नजर ठेवायची आणि मान डावी-उजवीकडे हलवायची, आधी सावकाश, मग भराभर. उशीवर उभं राहायचं, डोळे उघडे, मग मिटून. एका रेषेत पाऊल पुढे पाऊल. हे व्यायाम इंग्लंडमध्ये दुसऱ्या महायुद्धाच्या काळात डोक्याला मार लागलेल्या लोकांसाठी बसवले गेले. कॉथॉर्न आणि कुक्सी या दोन डॉक्टरांच्या नावाने ते ओळखले जातात. व्यायाम करताना मळमळतं, चक्कर येते. ती आलीच पाहिजे, तीच शिकवणी आहे. मी दिवसातून चार वेळा करत होते आणि दर वेळी करू नये असंच वाटायचं.

तिसऱ्या महिन्यात शाळा. पाचव्या महिन्यात स्कूटर, आधी वाड्यात, मग चोपड्यापर्यंत. नवव्या महिन्यात, मिठागरं तयार करायची वेळ आली तेव्हा, आगराच्या बांधावरून चालून बघितलं. दोन पावलं रुंदीचा ओला बांध, दोन्हीकडे पाणी, पाण्यात आकाश हलतंय. ह्यांनी पलीकडून हात पुढे केला होता. धरला नाही. पलीकडे पोचल्यावर धरला.

अजून जमत नाही ते हे. काळोखात वीज गेली तर जागेवर उभी राहते, टॉर्च घेतल्याशिवाय पाऊल टाकत नाही. कुणी डावीकडून हाक मारली आणि झटकन वळले तर क्षणभर चित्र घसरतं. दमले, ताप आला, झोप झाली नाही की दोन दिवस चालताना डावीकडे ओढल्यासारखं होतं. आणि समुद्रात बुडी मारायची नाही असं बजावलंय. पाण्याखाली पायाला जमीन नाही, नजरेला खूण नाही, वर कुठे आणि खाली कुठे हे कळेनासं होऊ शकतं. मोरजीच्या किनाऱ्यावर वाढलेल्या मुलीला हे ऐकायला कठीण गेलं. आता गुडघाभर पाण्यात उभी राहते.


श्रवणवेल – ५ जून, रात्री ९:३०

चापोराकाठ, मी रोज रुग्णांना जे समजावते ते तुम्ही माझ्याहून सोपं लिहिलंत. दोनच गोष्टींची भर घालते. वय जास्त असेल, दृष्टी अधू असेल, मधुमेहाने तळपायांची जाणीव गेली असेल तर मेंदूला हा हिशोब बदलायला साधनंच कमी पडतात. आणि दुसरा कान धडधाकट असायलाच हवा. एका कानाचा तोल गेलेला माणूस उभा राहतो, दोन्हींचा गेला तर चालताना समोरचं जग उड्या मारत राहतं आणि काळोखात उभं राहणंही मुश्कील होतं. वर्षं जातात तशी मेनियर दुसऱ्या कानात शिरण्याची शक्यता वाढत जाते, त्यामुळे आधी दोन्ही कानांच्या तोलाच्या तपासण्या नीट झाल्या पाहिजेत. एमआरआयसुद्धा, नसेवरची गाठ अशीच लक्षणं दाखवू शकते.


बांद्याचा_बाळ – ६ जून, सकाळी ११:२०

मी सिंधुदुर्गातला, बांद्याचा. बाबांना (७१) मेनियर आहे असं सांगितलंय, डावा कान. झटके आठवड्याला येतात. धागा काल रात्री दोनदा वाचला आणि आईला वाचून दाखवला. बाबा म्हणतात कापून टाका एकदाचं. त्यांना साखर आहे. उजव्या कानातही गेल्या वर्षापासून शीळ वाजते, पण तिकडे कुणी लक्ष दिलेलं नाही. कुठे आणि काय विचारू?


चापोराकाठ – ६ जून, दुपारी ३:४०

बाळ, बाबांचं "कापून टाका" मला फार ओळखीचं वाटतं. मीही ते म्हटलंय, बादलीत तोंड घालून. पण त्यांच्या बाबतीत वय, साखर आणि तो उजवा कान, तिन्ही गोष्टी थांबायला सांगतायत. आधी उजव्या कानाची शीळ डॉक्टरांना स्वतःहून सांगा, ते विचारतील याची वाट बघू नका. मी दीड वर्ष वाट बघितली होती.

बांबोळीला गोवा मेडिकल कॉलेजमध्ये कान-नाक-घशाचा विभाग आहे, तुम्हाला जवळ पडेल. जाताना आतापर्यंतचे सगळे ऐकण्याचे आलेख तारखेप्रमाणे लावून न्या. एका वहीत झटक्यांची नोंद ठेवा: कधी आला, किती मिनिटं, कानात काय होतं, त्या दिवशी काय खाल्लं. पडले असतील तर ते वेगळं लिहा. माझ्या वहीची अडीच पानं वाचल्यावर मुंबईच्या सर्जननी मला पहिल्यांदा मान वर करून बघितलं होतं.


श्रवणवेल – ६ जून, संध्याकाळी ५:१५

बाळ, आणखी एक. पूर्वी संसर्गासाठी वगैरे शिरेतून किंवा स्नायूतून जेंटामायसिन किंवा स्ट्रेप्टोमायसिनसारखी इंजेक्शनं घेतली होती का, ते बाबांना विचारा आणि सांगा. त्यांनी दोन्ही कानांचा तोल अधू झालेला असू शकतो.


बांद्याचा_बाळ – १९ जून, रात्री ९:०५

कळवायला उशीर झाला. बाबांना दाखवलं. उजव्या कानातही खालच्या पट्टीचं ऐकणं कमी झालेलं निघालं आणि तोलाच्या तपासणीत तोही अधू आला. शस्त्रक्रिया नाही, जेंटामायसिनही नाही, असं स्पष्ट सांगितलं. स्टेरॉइडचं पहिलं इंजेक्शन सोमवारी झालं. मीठ आईने हातात घेतलंय, कुळथाची पिठी आता बिनमिठाची होते आणि बाबा ती तक्रार न करता खातात, हेच आमच्या घरी नवल आहे. वही सुरू केली. बाबा स्वतः लिहितात, कालच्या तारखेसमोर "काही नाही" एवढंच लिहिलंय.


चापोराकाठ – १९ जून, रात्री ९:३०

बाळ, बरं झालं कळवलंस. काल दिवसभर मनात होतं.

पिठीत मिठाऐवजी आमसूल वाढवायला सांग आईंना, आणि शेवटी थोडं ओलं खोबरं. पहिले पंधरा दिवस जड जातात, मग जिभेला सवय होते. न्हाणीघरात धरायला दांडा लावून घे, रात्रीचा छोटा दिवा चालू ठेव. आणि अंगठ्याचा व्यायाम बाबांना करता येईल का ते पुढच्या खेपेला विचारून घे, दोन्ही कान अधू असतील तर त्यांना वेगळा शिकवतात.


रायबंदरची_लेक – २० जून, सकाळी ८:१०

मीही सांगायचं राहिलं होतं. आईचे कणच होते. डॉक्टरांनी डोकं वळवलं, ती जोरात ओरडली, दोन मिनिटांनी उठून बसली. काल रात्री दोन्ही कुशींवर झोपली.